दहा हजार नकोत, दहा पुरेत

दुकानात कुणी नवा हॅंडहेल्ड कन्सोल घेऊन आलं, की मी सगळ्यात आधी त्यातलं मेमरी कार्ड बाहेर काढतो. आणणारा खुशीत असतो. ‘दादा, दहा हजार गेम भरूनच आलेत,’ असं अभिमानानं सांगतो. मी ते कार्ड कागदाच्या पाकिटात घालून त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, हे राहू द्या, आपण नवं कार्ड भरू. आणि ते भरताना तुम्ही इथे माझ्याशेजारी बसा.

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या जवळ माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रिमोट, ॲम्प्लिफायर, मिक्सर ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात या तळहाताएवढ्या यंत्रांची भर पडली. आणणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे. कुणी बँकेत असतं, कुणी एसटीत, कुणी शाळेत. त्यांना लहानपणीचा मारिओ किंवा काँट्रा पुन्हा खेळायचा असतो, तोही टीव्ही न अडवता, रात्रीची जेवणं झाल्यावर अर्धा तास. ही इच्छा मला फार रास्त वाटते. ती नीट पुरी व्हावी म्हणून यंत्र कसं लावायचं ते इथे सांगतो.

मोठ्या आकड्याची जुनी सवय

निन्टेन्डोने जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम हे यंत्र काढलं. १९८५ पासून तेच वेगळ्या पेटीत एनईएस या नावाने अमेरिकेत गेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. टर्मिनेटर, लिटल मास्टर ही नावं वाचून अनेकांना आपला जुना रंगीत टीव्ही आठवेल. त्यात घालायच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. यादी उघडली की सुरुवातीचे थोडे खेळ खरे, पुढे तेच पुन्हा पुन्हा: कुठे मारिओ पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारा, कुठे काँट्रा जास्त लाइफ देणारा, नाव मात्र प्रत्येक वेळी नवं.

मामांच्या हाताखाली काम शिकत असताना मी अशा कॅसेटच्या पिना पुसायला बसायचो. कॅसेट चालली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारत. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली की पिना टेकतात, एवढंच त्यामागचं खरं कारण. पिना काळवंडल्या असतील तर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायच्या.

आजच्या भरून आलेल्या कार्डांचीही तीच तऱ्हा आहे. एकाच खेळाची जपानी, अमेरिकन आणि युरोपीय प्रत, शिवाय कुणीतरी फेरफार केलेल्या प्रती. आकडा फुगतो आणि खेळणारा यादीतच हरवतो. पाच मिनिटं हा खेळ, दोन मिनिटं तो, आणि महिन्याभरात यंत्र कपाटात. हे मी अनेक गिऱ्हाइकांच्या बाबतीत पाहिलं आहे. त्यात हे खेळ विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नसतात. आणि सोबत मिळणारं बिननावाचं कार्ड कधी दगा देईल याचा नेम नसतो. ते गेलं की तुमची सगळी प्रगतीही गेली.

आत नेमकं काय चालतं

जुन्या खेळाची फाइल म्हणजे एका विशिष्ट चिपसाठी लिहिलेल्या आज्ञांची माळ. एनईएसचा प्रोसेसर रिको कंपनीचा, २ए०३ नावाचा. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके आणि कामाची मेमरी अवघी २ केबी. आजच्या यंत्रातल्या प्रोसेसरला त्या आज्ञा कळत नाहीत. इम्युलेटर हा कोर्टातल्या दुभाष्यासारखा मध्ये उभा राहतो: जुनी आज्ञा वाचतो, ती नव्या प्रोसेसरला कळेल अशी करून सांगतो, आणि चित्र व आवाज यांचा मेळ बिघडू न देता सेकंदाला साठ चित्रं पडद्यावर आणतो. एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळं उरकलं नाही, की आवाज फाटतो आणि मारिओची उडी चुकते.

हे काम हौशी आणि अभ्यासू लोकांनी वर्षानुवर्षं फुकट केलं आहे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली मेम हा इम्युलेटर लोकांसमोर ठेवला. नाण्यावर चालणाऱ्या आर्केड मशीनचे खेळ त्यामुळे पुन्हा जिवंत झाले. आज बहुतेक हॅंडहेल्डमध्ये रेट्रोआर्क हा प्रोग्राम असतो. प्रत्येक जुन्या यंत्रासाठी त्यात वेगळा ‘कोअर’ जोडतात: गेमबॉयसाठी गाम्बात्ते, गेमबॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए, पहिल्या प्लेस्टेशनसाठी पीसीएसएक्स रीआर्म्ड.

मी बहुतेकांना मियू मिनी प्लस सुचवतो. २०२३ साली आलेलं हे यंत्र आहे. साडेतीन इंची पडदा, त्यावर ६४० बाय ४८० ठिपके, दोन कोअरचा १.२ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे खेळ त्यावर छान चालतात. ॲनबर्निकचं मूळ आरजी३५एक्सएक्सही याच वर्गातलं आहे. ड्रीमकास्ट किंवा पीएसपी हवं असेल तर जास्त ताकदीचं यंत्र घ्यावं लागतं. पण बालपणीचा मारिओ खेळायला त्याची गरज नाही.

नवं कार्ड, नवी सुरुवात

कार्ड नामांकित कंपनीचं, ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्या. बाजारात हुबेहूब नकली कार्डं फार आहेत. ३२ किंवा ६४ जीबी भरपूर झालं. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा संपूर्ण खेळ ४० केबीत बसतो. मोबाइलवर येणारा एखादा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. जागा लागते ती प्लेस्टेशनच्या सीडींना.

कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करायचं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या पुढे हा पर्याय देत नाही, त्यासाठी रूफस हा फुकट प्रोग्राम वापरा. मग ओनियन ही सिस्टम उतरवून घ्या. मियूसाठी स्वयंसेवकांनी बनवलेली ही सिस्टम कंपनीच्या मूळ सिस्टमपेक्षा खूप सुटसुटीत आहे आणि विनामूल्य आहे. ती तिच्या अधिकृत पानावरूनच घ्यावी. झिप फाइल उघडून आतलं सगळं कार्डावर थेट टाकायचं. वेगळ्या फोल्डरच्या आत टाकलं तर यंत्राला ते सापडत नाही. त्यात नावाआधी टिंब असलेला एक लपलेला फोल्डर असतो, तोही कार्डावर गेला पाहिजे. बॅटरी आधी भरून घ्या, कार्ड घाला, यंत्र चालू करा. पुढचं काम इन्स्टॉलर करतो आणि कोणकोणत्या जुन्या यंत्रांचे इम्युलेटर हवेत ते विचारतो. जे खेळणार तेवढेच निवडा.

कार्डावर आता ‘रोम्स’ नावाचा फोल्डर दिसेल आणि त्यात प्रत्येक यंत्राचा आपला फोल्डर: एफसी म्हणजे फॅमिकॉम, एसएफसी म्हणजे सुपर फॅमिकॉम, जीबी म्हणजे गेमबॉय, एमडी म्हणजे सेगाचं मेगा ड्राइव्ह, पीएस म्हणजे प्लेस्टेशन. खेळाची फाइल ज्या त्या फोल्डरमध्ये ठेवली आणि यंत्रावर यादी ताजी केली, की खेळ दिसू लागतो. प्लेस्टेशनला याशिवाय बायोस लागतो, म्हणजे मूळ यंत्र सुरू होताना आतून चालणारा प्रोग्राम. बायोस नसला तर कोअर स्वतःच्या बदली प्रोग्रामवर चालतो, पण सगळे खेळ त्यावर नीट चालत नाहीत. फॅमिकॉमला बायोस नव्हताच, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

चार्जिंगला साधा पाच व्होल्टचा चार्जर आणि जुन्या चपट्या यूएसबीची केबल वापरा. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर अशी लहान यंत्रं मी कधीच लावत नाही.

खेळ आणायचे कुठून

या प्रश्नाला मी नेहमी सविस्तर उत्तर देतो. इम्युलेटर बनवणं, वापरणं यात गैर काही नाही. सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला होता. पण खेळ हा कुणाचा तरी हक्क असलेला माल आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून जपण्यासाठी बॅकअप घेण्याची मुभा आहे. म्हणजे कॅसेट तुमची असली, तर तिची प्रत काढायचा रस्ता मोकळा आहे.

हडपसरच्या एक ताई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे वडील मस्कतला नोकरीला होते, त्यांनी लेकीसाठी गेमबॉय कलर आणि पोकेमॉन ब्लूची कॅसेट आणली होती. यंत्र केव्हाच बंद पडलं, कॅसेट मात्र ताईंनी जपून ठेवली. ती घेऊन त्या दुकानात आल्या. अशा कॅसेटमध्ये दोन गोष्टी असतात: एका चिपमध्ये कायमचा कोरलेला खेळ, आणि दुसऱ्या छोट्या मेमरीत खेळणाऱ्याची प्रगती. ही दुसरी मेमरी एका बटन सेलवर तग धरून असते. सेल संपला की प्रगती पुसली जाते. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरच्या कॅसेटमध्ये घड्याळही असल्याने त्यांचे सेल आणखी लवकर संपतात.

माझ्याकडे जीबीएक्सकार्ट नावाचं यंत्र आहे. कॅसेट त्यात खोचायची आणि संगणकाला जोडायची. मी आधी प्रगतीची ३२ केबीची फाइल उतरवली, नंतर १ एमबीचा खेळ. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जी गोष्ट सेलवर अवलंबून आहे ती आधी वाचवायची. फाइलचं नाव खेळाच्या नावाशी जुळवलं, शेवटचं एसएव्ही काढून एसआरएम केलं, सेव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि मियू ताईंच्या हातात दिला. पडद्यावर ‘कंटिन्यू’ आलं आणि त्याखाली त्यांनी शाळेत असताना टाइप केलेलं नाव. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग स्टूल ओढून खेळत बसल्या. त्यानंतर मी कॅसेटचा सेल बदलला. अशा सेलला पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात, तसाच पट्टीवाला सेल आणून सोल्डर करावा. चिकटपट्टीने बसवलेला सेल पुढे हलतो. मग प्रगतीची फाइल पुन्हा कॅसेटमध्ये भरली. मूळ कॅसेट आणि तिची प्रत, दोन्ही आता शाबूत आहेत.

प्लेस्टेशनची सीडी असेल तर संगणकावर तिची बिन आणि क्यू फाइल काढता येते आणि मेमसोबत येणाऱ्या सीएचडीमॅन प्रोग्रामने तिची आटोपशीर सीएचडी फाइल करता येते.

ज्यांच्याकडे कॅसेटच नाही, त्यांच्यासाठीही खेळ आहेत. आजही लोक या जुन्या यंत्रांसाठी नवे खेळ लिहितात. टोबू टोबू गर्ल हा गेमबॉयचा सुंदर खेळ २०१७ साली आला, तो मोफत आणि मुक्त आहे. मायक्रो मेजेस हा २०१९ चा खेळ विकत घ्यावा लागतो. पहिल्या मारिओइतक्याच, म्हणजे ४० केबी जागेत चार जणांनी एकत्र खेळायचा खेळ त्याच्या कर्त्यांनी बसवला आहे. कुणी कारागिरी पाहायला मागितली, तर मी हाच दाखवतो.

जतनाचा मुद्दा मोठा आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळतच नाहीत. सेल संपतात, सीडी खरवडतात, यंत्रं भंगारात जातात. घरात पडलेली एक कॅसेट वेळेवर उतरवून ठेवणं, हे म्हणूनच मोलाचं काम आहे.

पडद्याचं गणित

खेळ चालू झाला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. चित्र नीट बसवणं हा या सगळ्यातला माझ्या आवडीचा भाग आहे. मियूचा पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. प्लेस्टेशनचे अनेक खेळ ३२० बाय २४० चे, म्हणजे बरोबर दुप्पट केले की पडदा काठोकाठ भरतो. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०, दुप्पट केलं की ५१२ बाय ४८०. उंची पूर्ण भरते, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. गेमबॉयचं १६० बाय १४४, तिप्पट केलं की ४८० बाय ४३२. चौपट केलं तर उंची ५७६ होते आणि चित्र पडद्याबाहेर जातं.

बहुतेकांना काळी पट्टी खुपते आणि ते चित्र ताणून पडदा भरतात. मग काही ठिपके जाड, काही बारीक होतात, मारिओ पसरट दिसतो आणि पडदा सरकताना अक्षरं थरथरतात. रेट्रोआर्कच्या मेनूत ‘इंटिजर स्केल’ नावाची सोय आहे. ती चालू केली की चित्र पूर्ण पटीतच मोठं होतं आणि प्रत्येक ठिपका नेटका चौकोनी राहतो. हे खेळ काढणाऱ्यांनी एकेक ठिपका हाताने ठेवला होता. पहिल्या मारिओत जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांना एकच आकृती वापरली, फक्त रंग बदलला. असं काम ताणून बघण्यात त्याचा अवमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

गेमबॉय ॲडव्हान्सचं चित्र २४० बाय १६० चं. ते दुप्पट करून ४८० बाय ३२० ठेवलं तर चौफेर मोकळी जागा राहते. ज्यांना चष्मा आहे त्यांना ते लहान वाटतं, अशांना मी पडद्याच्या रुंदीइतकं मोठं करून देतो. डोळ्यांची सोय आधी.

आणखी एक बारकावा सांगतो. १९८९ च्या मूळ गेमबॉयचा पडदा मंद होता, आधीचं चित्र क्षणभर रेंगाळायचं. काही खेळांनी त्याचाच उपयोग केला: एखादी आकृती एकाआड एक चित्रात दाखवायची, म्हणजे ती अर्धपारदर्शक दिसते. आजच्या चपळ पडद्यावर ती नुसती लुकलुकते. गाम्बात्ते कोअरच्या पर्यायांत दोन चित्रं मिसळण्याची सोय आहे, ती चालू केली की सावली पुन्हा सावलीसारखी दिसते.

सेव्हचे दोन प्रकार

एक सेव्ह खेळाच्या आतला, म्हणजे कॅसेटमध्ये व्हायचा तोच. दुसरा ‘सेव्ह स्टेट’, म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या मेमरीत जे काही होतं त्याची आख्खी प्रत. दुसरा फार सोयीचा आहे. उडी मारता मारता दाराची बेल वाजली तरी तिथेच थांबता येतं. पण जुना स्टेट उघडला, की खेळाच्या आतला सेव्हही त्या जुन्या वेळेवर मागे जातो. म्हणून पोकेमॉनसारख्या लांबलचक खेळात आतला सेव्हच मुख्य धरा आणि स्टेट तात्पुरता वापरा. आणि महिन्यातून एकदा सेव्हचा फोल्डर संगणकावर उतरवून ठेवा. खेळ पुन्हा भरता येतो, तुमचे कष्ट पुन्हा भरता येत नाहीत.

दहा कोणते

कार्ड भरताना मी शेजारी बसलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतो: तुम्हाला आठवतात ते खेळ सांगा. सात-आठ नावं पटकन येतात, त्यापुढे माणूस आठवायला लागतो. मी तिथेच थांबतो. त्यात एक-दोन नवे खेळ माझ्याकडून घालतो, आणि दहा झाले की कार्ड बंद. दहा खेळांची यादी एका नजरेत मावते. माणूस एक निवडतो, अडतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी तो पार करतो. एक खेळ पुरा झाला की दुसरा घाला. अशी लावून दिलेली यंत्रं वर्षं उलटली तरी वापरात आहेत, हे मला गिऱ्हाईक पुन्हा भेटल्यावर कळतं.

ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांच्यासाठी यापुढचं पाऊलही आहे. ख्रिस मॉल्टबी यांनी २०१९ साली जीबी स्टुडिओ हा प्रोग्राम काढला. तो मोफत आहे आणि त्यात कोड न लिहिता गेमबॉयचा खेळ बनवता येतो. चार छटा, १६० बाय १४४ ठिपके आणि आठ बाय आठच्या चौकटी, एवढ्या मर्यादेत घर, रस्ता, माणसं काढायची आणि त्यांना बोलतं करायचं. तयार झालेली फाइल जीबीच्या फोल्डरमध्ये टाकली की मियूवर इतर खेळांसारखीच चालते. आपल्या मात्रा आणि जोडाक्षरं आठ ठिपक्यांच्या चौकटीत मावत नाहीत, पण मराठी संवाद चित्र म्हणून मोठ्या अक्षरांत काढता येतात. आपल्या पेठेतला, आपल्या गावच्या जत्रेतला खेळ कुणीतरी मराठीत करावा, असं मला फार वाटतं. येत्या सुटीत मुलांना हा प्रोग्राम संगणकावर घालून द्या. त्यासोबत एक नमुना खेळ येतो. त्यातली चित्रं आणि संवाद बदलण्यापासून सुरुवात करा.